दादा, भाई, डॅडी

मुंबईच्या संघटित गुन्हेगारीविषयी इंग्रजीत आणि हिंदीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन गुन्हेवार्ताहरांचे किंवा पोलीस अधिकाऱ्यांचे असल्याने कोणी कोणाला कोठे गाठले याचा जमाखर्च त्यात चोख सापडतो. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि आमचे कुतूहल त्या जमाखर्चाबाहेरचे आहे. सातरस्त्याजवळच्या दगडी चाळीतील अरुण गवळी या माणसाला लोक ‘डॅडी’ का म्हणतात?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गिरणगावात दांडगाईने वजन मिळवणाऱ्या माणसासाठी जुना शब्द होता ‘दादा’. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी कापडगिरण्यांच्या मुंबईवर लिहिताना या दादांना बरीच जागा दिली आहे. घोडपदेवचे केशवदादा बोरकर हे त्यांपैकी एक ठळक नाव. दादाची व्यायामशाळा असे, त्याच्याभोवती पोरे असत, तो भांडणे मिटवी, अडीनडीला उभा राही आणि प्रसंगी संप मोडायलाही माणसे पुरवी. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले पुरुष एका खोलीत दहा-बाराजण राहत, खानावळीत जेवत. बायकापोरे गावी. अशा घरात वडील नसतातच. थोरला भाऊ असतो, किंवा तसा मानलेला कोणी. तेव्हा दादा हा शब्द त्या वस्तीच्या रचनेतूनच आलेला होता. थोरल्या भावाचा धाक असतो, पण तो आपल्याच पिढीचा असतो. त्याच्याशी वाकडे घेता येते.

‘भाई’ नंतरचा. हा शब्द मराठीत आधीपासून मोठ्या आदराने नांदत होता. शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते एकमेकांना भाई म्हणत, पु. ल. देशपांडे आप्तमित्रांत भाई होते. हाजी मस्तान आणि वरदराजन मुदलियार हे तमिळ, करीम लाला पठाण. सोने, दारू आणि जुगार यांवर उभ्या राहिलेल्या त्यांच्या जगाची बोली मुंबईची हिंदी होती. त्या बोलीने आणि पुढे चित्रपटांनी भाईचा अर्थ इतका पालटला, की आज वर्गात ‘भाई उद्धवराव पाटील’ असे म्हटले तर मागच्या बाकावर खसखस पिकते.

‘डॅडी’ मात्र या दोहोंहून निराळा. चाळीतल्या वडिलांना बाबा, नाना, आप्पा, अण्णा, भाऊ असे काहीही म्हणत; डॅडी म्हणत नसत. तो शब्द इंग्रजी शाळेचा, ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांचा. आमच्यापैकी एकाचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. तो नुसताच विरत गेला. ज्या घरांत सकाळच्या भोंग्यावर डबा निघत असे, त्या घरांत वडील दिवसभर दिसू लागले. हे दिसणे मुलांना सुखाचे नव्हते. कमावत नसलेला, बोलेनासा झालेला, पुढे कोणा इमारतीत रखवालदारी धरलेला बाप, आणि त्याच्या जागी खानावळ चालवणारी, पापड लाटणारी आई. घरातली पित्याची जागा अशी रिकामी होत असताना शेजारच्या वस्तीत एका माणसाला लोक डॅडी म्हणू लागले, आणि त्याच्या पत्नीला मम्मी. आम्हांला हा योगायोग वाटत नाही.

त्याचा चढता काळ थोडक्यात सांगता येतो. भायखळ्याच्या टोळीत रामा नाईक, बाबू रेशीम आणि गवळी ही तीन नावे होती. बाबू रेशीमचा १९८७ मध्ये पोलीस कोठडीत खून झाला, रामा नाईक १९८८ मध्ये पोलीस चकमकीत मारला गेला; उरला तो म्होरक्या झाला. दाऊद इब्राहिमच्या टोळीशी वैर जुंपले. १९९२ च्या जुलैमध्ये दाऊदच्या मेहुण्याचा नागपाड्यात खून झाला आणि त्याचा सूड म्हणून १२ सप्टेंबरला जे. जे. रुग्णालयात घुसून शैलेश हळदणकर या जखमी आरोपीला मारण्यात आले. त्याच्या पहाऱ्यावरचे दोन पोलीसही त्यात गेले. हे दोन पोलीस कोणाचे दादा, कोणाचे डॅडी होते, हे त्या काळच्या दंतकथांत कोठेही येत नाही.

डॅडीच्या दरबारात काय चाले, ते लालबागेत सर्वांना ठाऊक होते. खोलीचा ताबा, पागडीचा वाद, बुडवलेले पैसे. ज्या तंट्याला न्यायालयात पंधरा वर्षे लागली असती तो तेथे एका संध्याकाळी मिटे. नवरात्रात दगडी चाळीच्या देवीला रांग लागे. आमच्यापैकी जो तेव्हा शाळकरी होता त्याला आई बजावी, ‘त्या गेटाकडून येऊ नको रे’. आणि हीच आई शेजारणीला खोलीच्या भानगडीत ‘तिथं जाऊन बघा ना’ असेही सांगे. ही दुटप्पी वागणूक नव्हे. कामगार संघटना मोडली, न्यायालय लांब, नगरसेवक फिरकत नाही, अशा वेळी माणूस जो दरवाजा उघडा आहे तेथे जातो.

परंतु त्या दरवाजामागचा पैसा कोठून येत होता? मिटवलेल्या तंट्यांतून नव्हे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली आणि परळ-भायखळ्याची जमीन कापडापेक्षा मोलाची झाली. ७ मे १९९४ रोजी भायखळ्याच्या खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांचा भर रस्त्यात खून झाला, तेव्हा टोळ्या गिरणीच्या जमिनीपर्यंत पोचल्या आहेत हे शहराला कळले. ज्या जमिनीवरून बाप बेकार झाला तिच्याच भोवती मुलाला पिस्तूल मिळाले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराच्या घरातील एक मुलगा गुंडगिरीकडे वळतो, त्याला आमच्या मते ही पार्श्वभूमी आहे. ते नाटक रंगभूमीवर आले १९९७ मध्ये. त्याच वर्षीच्या १६ जानेवारीला पवईत दत्ता सामंत यांची हत्या झाली. आणि त्याच वर्षी गवळीने अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर. या जगाने मराठीला नवे शब्द दिले, असे म्हणतात. आम्हांला उलटे वाटते. त्याने मराठीचे जुने शब्द उचलले. ‘खंडणी’ हा बखरींतला, राज्याराज्यांतला शब्द. ‘सुपारी’ तर आपल्या मंगलकार्यांतली. लग्न ठरले की सुपारी फुटे, तमाशाच्या फडाची, बँडवाल्याची सुपारी घेतली-दिली जाई. शब्द देण्याची, करार पाळण्याची जी प्रतिष्ठा त्या विधीत होती तीच मारेकऱ्याच्या कराराला आयती मिळाली. उलट दिशेची वाहतूकही झाली. कोटीसाठी टोळ्यांनी रूढ केलेला ‘खोका’ २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांच्या घोषणेत ऐकू आला, आणि त्याचा अर्थ विचारावा लागला असा मराठी माणूस आमच्या पाहण्यात नाही. असो.

‘डॅडी’ला दुसरे एक बळ मिळाले ते ‘आमचा’ या विशेषणाचे. त्यांचा दाऊद तर आमचा गवळी, अशा अर्थाचे शिवसेनाप्रमुखांचे उद्गार १९९० नंतरच्या दशकात फार गाजले. मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या मुलीशी ज्याने संसार मांडला त्या माणसाला धर्माच्या पारड्यात टाकले जावे, हा प्रकार उपरोधिक होता. परंतु १९९२-९३ च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर उपरोध कळण्याच्या मनःस्थितीत शहर नव्हते. मध्यमवर्गीय मराठी घरांतही, जेथे या माणसाला जिन्यावर उभे केले नसते, ‘निदान आपला तरी आहे’ असे बोलले जाई. आमच्यापैकी दुसऱ्याने ते सातारा जिल्ह्यातील एका गावात, मुंबईहून सुट्टीवर आलेल्या काकांच्या तोंडून ऐकलेले आहे. नाते जवळचे मानले की प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरते. पित्याला ‘पैसे कोठून आणलेत’ असे आपल्याकडे विचारत नाहीत.

२००४ मध्ये चिंचपोकळी मतदारसंघाने गवळीला विधानसभेत पाठवले. मते देणाऱ्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. त्या मतांत दरबाराची उपयुक्तता होती, संपाचा जुना राग होता, आणि भीतीही होती. किती काय, हे कोणीच सांगू शकणार नाही.

मग कमलाकर जामसंडेकर. शिवसेनेचे नगरसेवक, घाटकोपरच्या असल्फा भागात राहणारे. २००७ च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली आणि २ मार्चला त्यांच्या राहत्या घरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार सुपारी ३० लाखांची होती. २००८ मध्ये आमदार असतानाच गवळीला अटक झाली, २०१२ च्या ऑगस्टमध्ये मोक्का न्यायालयाने जन्मठेप दिली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. येथे दाऊद नव्हता, परधर्मी नव्हता, गिरणीमालक नव्हता. निवडून आलेला एक मराठी नगरसेवक आपल्या घरात मारला गेला. ‘आमचा’ या विशेषणाचे येथे काय होते, याचे उत्तर आम्हांला त्या काकांकडून ऐकायला आवडले असते. ते आता हयात नाहीत.

शिक्षा झाली तरी शब्द गेला नाही. २०१५ मध्ये ‘दगडी चाळ’ हा मराठी चित्रपट आला, २०१७ मध्ये हिंदीत ‘डॅडी’, २०२२ मध्ये ‘दगडी चाळ २’. नागपूरच्या कारागृहात गांधीविचारांवरची परीक्षा झाली, तीत गवळी पहिला आल्याची बातमी २०१८ मध्ये झळकली. ८० पैकी ७४ गुण. शिक्षक म्हणून आम्हांला त्या गुणांचे हसू आले नाही. परीक्षेत पाठांतराला गुण मिळतात, हे आम्हांला व्यवसायाने माहीत आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, अपिलाचा निकाल व्हायचा असताना, सर्वोच्च न्यायालयाने सतरा वर्षांहून अधिक तुरुंगवास आणि वय लक्षात घेऊन जामीन दिला, आणि सप्टेंबरच्या आरंभी गवळी दगडी चाळीत परतला. त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक साधा लेखनाभ्यास दिला: ही बातमी ‘डॅडी’ हा शब्द न वापरता लिहा. वर्गातील मुले परळची, दिव्याची, विरारची. गिरणी कोणीच पाहिलेली नाही. पंधरा मिनिटांनी वह्या गोळा केल्या. बहुतेकांनी ‘कमलाकर जामसंडेकर खून खटल्यात जन्मठेप झालेले’ अशी सुरुवात केली होती, कारण दुसरी सुरुवात करताच येत नव्हती. एक मुलगी म्हणाली, ‘सर, अशी लिहिली की बातमी एकदम रुक्ष होते.’ आणि मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, जामसंडेकर म्हणजे नक्की कोण?