तुतीचा हिवाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मी तुतीची सगळी पानं हातांनी उतरवते. पान देठाशी धरायचं आणि वरच्या अंगाला उचलून अलगद सोडवायचं. खाली ओढलं तर देठाबरोबर सालीची चिरफळी निघते आणि देठाच्या बगलेतला डोळा जातो. तो डोळा म्हणजेच फेब्रुवारीतली फळं. पान सुटतं तिथे पांढऱ्या चिकाचा टिपूस उभा राहतो. वड, उंबर, फणस यांच्याच कुळातली ही, चीक असणारच. तासाभरात बोटं एकमेकांना चिकटायला लागतात. मग खोबरेल तेल चोळायचं आणि पुढच्या फांदीकडे वळायचं.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अगं बाई, एवढं हिरवंगार झाड, त्याला उघडं काय करतेस?"

"आजी, दीड-दोन महिन्यांनी वाटी घेऊन या," असं मी म्हटलं खरं, पण तेव्हा माझाही पुरता विश्वास नव्हता.

तुती मुळात थंडीची वाट बघणारं झाड. रोमन लेखक प्लिनीनं तिला झाडांमधली सर्वांत शहाणी म्हटलं होतं, कारण थंडी सरल्याची खात्री झाल्याशिवाय ती फुटत नाही. काश्मीरमध्ये ती आपली आपण पानं गाळते, झोपते, वसंतात जागी होते. आमच्या खडवलीत तिनं कशाची वाट बघायची? पहाटे भातसा नदीवरून धुकं येतं, कसारा-कल्याण लोकलची माणसं स्वेटर घालून फलाटावर उभी असतात आणि नऊ वाजेपर्यंत ते स्वेटर पिशवीत गेलेले असतात. एवढ्याशा गारव्यानं झाडाला झोप येत नाही. जुनी पानं तशीच राहतात आणि इथे-तिथे चार फळं येतात. म्हणून आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, पानं उतरवायची, काड्या तिसऱ्या हिश्शानं आखूड करायच्या. डाळिंबवाले बहार धरण्याआधी ताण देतात, तसंच हे. नंतर दोन घमेली शेणखत आणि भरपूर पाणी. हिवाळा हवेतून आला नाही तर तो हातानं आणायचा. माझी सगळी तुतीची विद्या एवढीच आहे.

ही विद्या यायला मला एक झाड गमवावं लागलं. गमावलं असं वाटलं होतं, हे जास्त खरं. मराठवाड्यातल्या एका नातेवाइकांकडून रेशीम शेतीतल्या काड्या आणल्या होत्या, व्ही-१ जातीच्या. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेची ही जात पाल्यासाठी निवडलेली, अळ्यांचं पोट भरणारी. मी तिच्याकडे फळं मागत होते. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या जूनमध्ये खोचल्या आणि तिसऱ्या पावसाळ्यात झाड कौलांच्या वर गेलं. जी थोडी फळं लागायची ती शेंड्याला. बुलबुल आणि कोकीळ दिवसा खात, वटवाघळं रात्री. आमच्या वाट्याला वाळत घातलेल्या चादरींवरचे जांभळे डाग. जुलैतल्या एका वावटळीत झाड दुबेळक्यातून उभं चिरलं. मी रडतच ते गुडघ्याएवढं कापून टाकलं. तीन आठवड्यांत त्या खुंटाला चहूबाजूंनी धुमारे फुटले. मी तो खुंट बघत कितीतरी वेळ तिथेच बसले होते.

तेव्हा नाशिककडची द्राक्षं आठवली. तिथे वेलीची दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिली काडी बनवायला, दुसरी फळ आणायला. तुतीचं गणितही फार वेगळं नाही. फळ येतं ते नव्या फुटीवर आणि ती फूट निघते मागच्या पावसाळ्यात वाढलेल्या काडीच्या डोळ्यांतून. म्हणून फळं संपली की मार्चअखेर माझी खरड छाटणी: गुडघ्याएवढं खोड, त्यावर चार-पाच हात, प्रत्येक हातावर दोन-तीन डोळे, बाकी सगळं साफ. ऑगस्टमध्ये शेंडे खुडायचे. डिसेंबरात गोडी. आताचं झाड माझ्या खांद्याच्या वर जात नाही आणि त्यावर जुनी चादर टाकली की पाखरांपासून निम्मी फळं तरी वाचतात. निम्मी त्यांची, हे मला मान्य आहे.

ठेंगणी तुती विकतही मिळते. २०१७ साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात अशाच एका बुटक्या जातीला वर्षातल्या सर्वोत्तम वनस्पतीचा मान मिळाला. पण साधी फळाची तुती आणि धार लावलेली कात्री एवढ्यावर अंगणातलं काम भागतं. फक्त आमच्यासारख्या भातखाचराच्या जमिनीत ती सपाटीवर लावू नये, मुळाशी पाणी साचतं. मी मुरूम आणि माती मिसळून हातभर उंचवटा केला. शेंड्याची पानं चुरगळून गोळा झाली, की ते पिठ्या ढेकणाचं काम. तेवढा शेंडा खुडून जाळायचा, दुसरं औषध मी मारत नाही. फळ धुवायलासुद्धा थांबत नाही मी.

तुतीचं एक फळ म्हणजे खरं तर कणीस असतं. प्रत्येक मणी हे वेगळं फूल, त्याच्या टोकाला वाळलेला केसासारखा तंतू राहतो. हिरवं, मग लाल, मग जवळजवळ काळं. लाल असताना तोडलं तर आंबट ढाण. बोट लागताच हातात येतं ते पिकलेलं, देठ मात्र त्याच्याबरोबरच येतो. दुसऱ्या दिवशी वाटीत नुसता रस उरतो. महाबळेश्वरला रस्त्याकडेला तुती विकायला बसतात, कल्याणच्या बाजारात ती मला क्वचितच दिसली, आणि दिसली तेव्हा रडवेली झालेली.

त्या पहिल्या फेब्रुवारीत आजी खरंच वाटी घेऊन आल्या. वाटी भरेपर्यंत थांबल्या नाहीत. झाडाशीच उभ्या राहून, चष्मा कपाळावर सरकवून, एकेक काळं फळ शोधत राहिल्या. जाताना पदराला पुसलेली बोटं बघून म्हणाल्या, "हे डाग जातील ना गं?"

"हिरव्या तुतीनं चोळा," मी म्हटलं.

त्यांनी एका कच्च्या फळाला हात लावला, क्षणभर बघितलं आणि हात मागे घेतला. "राहू दे. हे पिकेल अजून, असं वाटून तोडायला जीव होत नाही."