दत्तकाचा वारसा

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची इमारत १९०६ सालची. सयाजीराव महाराजांनी कारभार हाती घेतल्याला पंचवीस वर्षे झाली, त्यानिमित्त त्यांनी ती बांधून शहराच्या नगरपालिकेला दिली. पुढच्या कमानी-घुमटांच्या भागात आज महानगरपालिकेची कचेरी आहे आणि मागे भाजी, फळे, फुले यांचा बाजार. नावातले खंडेराव म्हणजे सयाजीरावांच्या आधीचे एक महाराज, १८५६ ते १८७० या काळात गादीवर असलेले. लहानपणापासून या बाजारात येऊनही त्या नावाचा मी कधी विचार केला नव्हता. कुणाच्याही वाड्याला वडिलांचे नाव असते, तसे हे.

पण खंडेराव वारले तेव्हा सयाजीराव सात वर्षांचे होते, आणि ते सयाजीरावही नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात वाढणारा तो गोपाळ होता. खंडेरावांनंतर त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले, १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले, आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. त्या दिवशी त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. धुळाक्षरे, इंग्रजी, इतिहास, घोड्यावर बसणे, दरबारात बोलणे, हे सगळे नंतर आले. इलियट नावाचे शिक्षक नंतर आले. राज्य चालवायचे अधिकार तर डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. तोवर दिवाण टी. माधवराव कारभार पाहत होते. म्हणजे आधी नाव मिळाले, घर मिळाले, वारसा मिळाला. लायकी त्यानंतर वाढत गेली. आणि ज्या पित्याचा सहवास कधी लाभला नाही, त्याचे नाव या मुलाने शहराच्या मध्यभागी दगडात कोरून ठेवले.

माझ्या मनात मात्र हा क्रम उलटा होता. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. रविवारची उपासना, रात्रीची घरची प्रार्थना, पाठ केलेली वचने, सगळे होते. तरीही आपण पुरेशा नाही ही भावना मला कधी सोडून गेली नाही. चार लोकांत बोलताना वाटायचे, आता यांना कळेल की हिला काही येत नाही. कुणी कौतुक केले तर वाटायचे, यांनी मला नीट पाहिलेले नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की तोच आवाज आधी बोलू लागे: तू कोण मागणारी? बाजारात सकाळची ताठ मेथी दुपारी मान टाकते आणि ‘वीसना किलो’ची आरोळी संध्याकाळी ‘दसना’वर येते. माझ्या मनातही तसाच एक तराजू टांगलेला होता आणि दिवस कलला की माझा भाव उतरत असे. श्रद्धेने तो तराजू काढून टाकला नव्हता. उलट देवाचे नाव घेऊन तो अधिकच कठोर तोलू लागला होता.

हे लिहिताना मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्यासारख्या बाईला आत्मविश्वासाची काय वाण, असे कुणालाही वाटेल. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईकडून संस्कृत शिकली, आईबापांबरोबर तीर्थे पालथी घातली, दुष्काळात त्यांना उपासमारीने गमावले, भावाबरोबर पायी हिंदुस्थान फिरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पतीही गेले, कडेवर लेक मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढची गोष्ट त्यांच्या चरित्रांत घाईने सांगितली जाते आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे रमाबाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहून काढली, तिच्यात त्या हे उघड सांगतात: धर्म हाती आला होता, ख्रिस्त अजून भेटायचा होता. या काळात त्यांनी काय केले नव्हते? अमेरिकेत व्याख्याने दिली, विधवांसाठी पैसा उभा केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे धैर्य दिसत होते आणि आत ती बाई आपण देवापुढे उभे राहायला योग्य आहोत का, हा हिशेब करीत होती. लहानपणापासून व्रते, उपास, दाने आणि प्रदक्षिणा यांतून पुण्य जोडायची सवय लागलेले मन नव्या धर्मातही तीच वही उघडून बसले होते, असे मला वाटते.

मग विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे चर्चमध्ये प्रवचने देत होता आणि १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर त्याचे हृदयपरिवर्तन झाले. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. हळूहळू त्यांना उमगले की तारण ही कमाई नाही, ते अटीविना दिलेले दान आहे, आणि ते घ्यायला आधी चांगले होण्याची वाट पाहायची नसते. हे त्यांना कळले तेव्हा शारदा सदन सुरू होऊन थोडाच काळ झाला होता. त्यानंतरच्या रमाबाई मला निराळ्या दिसतात. १८९३ मध्ये पुण्यात टीकेचे वादळ उठले, पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या, तरी त्या मोडल्या नाहीत. काही वर्षांतच त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभे केले.

१९०० च्या सुमारास गुजरातेत जो छपनियाचा दुष्काळ पडला, त्यातल्या शेकडो मुली केडगावला गेल्या. आमच्या या भागातल्या मुली. त्यांच्या पोटात अन्न नव्हते, आणि आपण घराला ओझे आहोत हे जवळपास प्रत्येकीने ऐकलेले असणार. केडगावात त्यांना आधी जेवण, अंथरूण आणि औषध मिळाले. नंतर अक्षरे, माग, छापखाना, शेती. तिथेही क्रम तोच होता. मुलीने काहीतरी सिद्ध करून दाखवावे आणि मग तिला दारातून आत घ्यावे, असा नियम रमाबाईंनी केला असता तर त्यांतल्या किती जगल्या असत्या?

पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले त्यात विश्वास ठेवणाऱ्यांना देवाची दत्तक लेकरे म्हटले आहे. पत्र साधारण ५७ सालचे. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, तो स्वतः क्लॉडियसचा दत्तक मुलगा. दत्तकाला पोटच्या मुलासारखाच पूर्ण वारसा मिळतो हे त्या वाचकांना समजावून सांगावे लागत नव्हते. बडोद्याच्या माणसालाही लागू नये. पौल पुढे म्हणतो की अशा लेकरांना दासाची भीती पुन्हा दिलेली नाही, ती देवाला बापाच्या घरगुती नावाने हाक मारतात. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आले. तो मला कळला मात्र खंडेराव आणि कवळाण्याचा तो मुलगा यांची सांगड जुळली तेव्हा. समजा, दरबारात पहिल्यांदा आलेल्या गोपाळच्या मनात एखादा आवाज म्हणाला असेल, तू शेतकऱ्याचा पोर, तुला साधी सही करता येत नाही. तो आवाज खरेच बोलत असेल. पण वारस कोण, हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. ते दत्तकविधानाने ठरून गेले होते.

माझ्या मनातला आवाज अजून बोलतो. त्याचे काही आरोप खरेही असतात. मी आता त्याच्याशी वाद घालत नाही, मी चांगली आहे असे त्याला पटवायला जात नाही. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कवी आपल्याच खचलेल्या जिवाला प्रश्न विचारतो आणि देवाची आठवण देतो. तशी मी माझ्या जिवाशी बोलते, मोठ्याने, कधी भाजी निवडताना. आणि ज्या दिवशी तेही जमत नाही त्या दिवशी मार्काच्या शुभवर्तमानातला तो बाप आठवते. आजारी मुलाला घेऊन येशूपुढे उभा राहिलेला, एकाच दमात विश्वास आहे म्हणणारा आणि अविश्वासासाठी मदत मागणारा. त्याला आधी शंका संपवून ये असे सांगून परत पाठवले नाही. मुलगा बरा झाला.

एक गोष्ट मंडळीतल्या माणसांना मी कळकळीने सांगते. संदेष्टा एलीया रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. निराशेने ग्रासलेल्या माणसाला तुझा विश्वास कमी पडतोय म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याला झोप लागत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावे. प्रार्थना वाटेत रिक्षातही करता येते.

रमाबाई अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ज्या लेकीने मुक्तीचा भार पुढे न्यावा असे वाटत होते तीच. त्यांनी काम थांबवले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला. संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईने त्यासाठी साधी, बोलीजवळची मराठी निवडली. हे आपल्याला कुठले कळणार, असे म्हणत मागच्या ओळीत बसणाऱ्या, थोडे शिकलेल्या खेड्यातल्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या.