पोप ग्रेगरीची पत्रं

‘ग्रेगोरियन’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावरून गेलेला असतो तो बहुधा कॅलेंडरमुळे. ते कॅलेंडर तेराव्या ग्रेगरीचं, १५८२ सालचं. त्याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. मी लिहिणार आहे ते त्याच्या हजार वर्षं आधीच्या पहिल्या ग्रेगरीबद्दल, ज्याला पुढच्यांनी ‘महान’ म्हटलं. संगीताच्या रसिकांना ठाऊक असलेलं ग्रेगोरियन गायन त्याच्या नावावर आहे. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक घरांत कुणी वारल्यावर सलग तीस दिवस जी ‘ग्रेगोरियन मिस्सा’ अर्पण करतात, तीही त्याच्याच नावाची.

यातलं गायन त्याचं नव्हे, हे आधी सांगून टाकते. आज आपण जे ऐकतो ते आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यात घडलं. रोमहून आलेली परंपरा आणि तिथली स्थानिक परंपरा यांच्या मिश्रणातून ते तयार झालं. त्याला वजन यावं म्हणून मोठ्या पोपचं नाव जोडलं गेलं. मग त्याच्या कानात पारवा सूर सांगतो आहे अशी चित्रंही निघाली. मिस्सांचा धागा मात्र खरोखर त्याच्यापर्यंत पोचतो. ‘संवाद’ या आपल्या ग्रंथात त्याने जस्टस नावाच्या मठवाशाची गोष्ट सांगितली आहे. वैद्यकी जाणणाऱ्या या माणसाने मठाचा नियम मोडून तीन सोन्याची नाणी लपवली. तो मरणाला टेकला तरी त्याच्याजवळ कुणी बसायचं नाही, आणि प्रेतासोबत नाणीही उकिरड्यात पुरायची, असा हुकूम ग्रेगरीने दिला. महिन्याने त्याचं त्यालाच राहवेना. त्याने तीस दिवस रोज जस्टससाठी मिस्सा करायला लावली.

आधी कठोर हुकूम, मग मागे वळून केलेला विचार. ग्रेगरी समजून घ्यायला हा क्रम फार उपयोगी पडतो. त्याची सुमारे साडेआठशे पत्रं आज उपलब्ध आहेत. मी चर्चचा इतिहास शिकवते, आणि विद्यार्थ्यांना त्याच्या ग्रंथांआधी ही पत्रं वाचायला लावते, कारण त्याच्या प्रभावाचं मूळ मला तिथे दिसतं.

५८९ च्या अखेरीस टायबर नदीला पूर आला आणि चर्चची धान्याची कोठारं गेली. पाठोपाठ प्लेग. फेब्रुवारी ५९० मध्ये पोप दुसरा पेलागियस त्यातच वारला. लोकांनी ग्रेगरीला निवडलं. तो सरदार घराण्यातला, एके काळचा रोमचा नगरप्रमुख. सीलियन टेकडीवरच्या वाडवडिलांच्या घराचाच त्याने मठ केला होता आणि तिथे तो मठवासी होऊन राहिला होता. बिशपपदाच्या दीक्षेआधीच त्याने सगळ्या शहराला सात जथ्यांत प्रार्थना करत रस्त्यावर उतरवलं. या मिरवणुकीत तासाभरात ऐंशी माणसं कोसळून मेली, अशी नोंद गॉलमधल्या तूरच्या बिशपने केली आहे. त्या बिशपचंही नाव ग्रेगरीच. सम्राट दूर कॉन्स्टँटिनोपलला, लोंबार्ड टोळ्या वेशीपर्यंत आलेल्या. शहराला खायला कोण घालणार, सैनिकांचा पगार कोण भागवणार, हे सगळे प्रश्न पोपच्या दारात येऊन पडले.

धान्य यायचं सिसिलीतल्या चर्चच्या जमिनींवरून. तिथला कारभारी पीटर याला ग्रेगरीने लिहिलेली पत्रं कुठल्याही महसूल खात्याच्या दप्तरात शोभतील अशी आहेत. कुळांकडून धान्य घेताना कारभारी मोठं माप लावतात हे त्याच्या कानावर गेलं, तेव्हा त्याने मापाची मर्यादाच ठरवून दिली: अठरा सेक्स्टारियसपेक्षा मोठं माप चालणार नाही. वरून लादलेले फालतू आकार बंद करायला सांगितले. याच पीटरला त्याने एकदा घोड्यावरून झापलंय. तू पाठवलेलं तट्टू बसण्याच्या लायकीचं नाही, आणि गाढवं चांगली आहेत पण गाढवांवर मी बसू शकत नाही, अशा अर्थाचं ते पत्र आहे. पोटाच्या दुखण्याने आणि संधिवाताने अंथरुणाला खिळलेला हा माणूस इतक्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालत होता, याचं मला आजही नवल वाटतं.

माणसागणिक वागणूक वेगळी हवी, ही त्याची ठाम धारणा होती. ‘मेंढपाळाचे नियम’ हे बिशपांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक पाहा. त्याच्या तिसऱ्या भागात माणसांच्या तीसहून अधिक जोड्या आहेत. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि खिन्न, बुजरे आणि उद्धट, भांडखोर आणि शांत. प्रत्येकाला उपदेश कसा करावा ते वेगळं सांगितलं आहे, कारण एकाला लागू पडणारं दुसऱ्याला बाधू शकतं. हे पुस्तक त्याच्या हयातीतच दूरवर पोचलं. नवव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने ते स्वतः त्या वेळच्या इंग्रजीत आणलं आणि आपल्या बिशपांना प्रती पाठवल्या. वूस्टरला धाडलेली प्रत आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे. सप्टेंबर ५९५ मध्ये ग्रेगरीने गॉलमधल्या कारभाऱ्याला लिहिलं: तिथलं नाणं रोमात चालत नाही, तर जमिनींच्या उत्पन्नातून तिथेच गरिबांसाठी कपडे घे, आणि सतरा-अठरा वर्षांची अँगल जातीची गुलाम मुलं विकत घे, म्हणजे त्यांना मठांत शिकवता येईल. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या मठातला ऑगस्टिन आणि त्याचे सोबती धाडले. ५९७ मध्ये ते केंटला उतरले. तिथला राजा एथेलबर्ट याची राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती.

६०१ मध्ये ग्रेगरीने एथेलबर्टला पत्र लिहून सांगितलं की मूर्तिपूजा बंद कर आणि देवळं पाड. आणि काही आठवड्यांतच, इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटसच्या मागोमाग त्याने दुसरं पत्र धाडलं. मी पुष्कळ विचार केला, असं सांगून त्याने त्यात उलट आज्ञा दिली: देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा, संतांचे अवशेष ठेवा. लोक सवयीच्या जागी येत राहतील. ते बैल कापून उत्सव करतात, तर तेही तोडू नका. चर्चच्या सणाला त्यांनी फांद्यांचे मांडव घालावेत, देवाचे आभार मानून जेवावं. उंचावर जाणारा माणूस पायरी पायरीनेच चढतो, उड्या मारत नाही, असं कारण त्याने दिलं आहे.

युरोपातल्या ख्रिस्ती संस्कृतीचा मोठा भाग या पत्राच्या वृत्तीवर उभा आहे असं मी मानते. मार्सेचा बिशप सेरेनस याने लोक चित्रांची पूजा करतात म्हणून चित्रं फोडली, तेव्हाही ग्रेगरीने त्याला बजावलं: पूजा थांबवलीस ते ठीक, पण फोडायला नको होतंस. ज्यांना अक्षरओळख नाही ते भिंतीवर वाचतात. पश्चिमेकडच्या चर्चमधल्या भित्तिचित्रांच्या आणि रंगीत काचांच्या समर्थनासाठी पुढे शतकानुशतकं या पत्राचाच आधार घेतला गेला.

त्याचा हात सर्वत्र इतका हळुवार नव्हता, आणि हे लपवणं मला पटत नाही. सार्डिनियातली चर्चच्या जमिनींवरची कुळं जुने देव सोडत नव्हती, तर त्यांच्यावर न पेलणारा खंड लादा, असं त्याने लिहिलंय. ज्यूंचे हक्क हिरावून घेऊ नका, असं त्याने पालेर्मोच्या बिशपला ५९८ मध्ये बजावलं, पण धर्मांतर करणाऱ्या ज्यू कुळांना खंडात सूटही देऊ केली. आणि ५९१ च्या सुमाराच्या एका प्रवचनात त्याने लूकच्या शुभवर्तमानातली निनावी पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया या तिघी एकच मानल्या. येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेली मग्दालीया त्यामुळे हजारावर वर्षं पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून रंगवली गेली. कॅथलिक चर्चने १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेत ही गल्लत मागे टाकली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. एका प्रवचनाचं इतकं मोल एका स्त्रीच्या नावाने भरलं, याची मला खंत आहे.

मेलिटसला लिहिलेलं पत्र वाचताना मला गोवा आठवल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज सत्तेने १५४० मध्ये तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली. बीडने आठव्या शतकात लिहिलेल्या इंग्लंडच्या चर्चच्या इतिहासात हे पत्र पूर्ण दिलेलं आहे, आणि तो ग्रंथ पंधराव्या शतकातच छापून निघाला होता. त्यामुळे चर्चला हा मार्ग माहीतच नव्हता असं म्हणायला जागा नाही. त्याच साष्टीत पुढे काम केलं ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. ज्या देशात ग्रेगरीने ऑगस्टिनला पाठवलं, त्या इंग्लंडचे ते. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत लिहिलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. पाडलेली देवळं त्याने उभी राहिली नाहीत. पण लोकांच्या कानाला सवयीचा असलेला छंद त्यांनी मोडला नाही, आणि पुढची कित्येक वर्षं ख्रिस्ती घरांत नि चर्चमध्ये तो गायला गेला.

ज्यांना ग्रेगरी वाचायचा आहे त्यांनी बीडच्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. त्यातलं तिसावं प्रकरण म्हणजे मेलिटसला लिहिलेलं पत्र, बत्तिसावं म्हणजे राजाला लिहिलेलं. बीडने क्रम उलटा लावला आहे. आधी बत्तिसावं वाचावं, मग तिसावं.