पैसे नकोत, डबा पाठवा!

नोंदणीकृत संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बँकेत देणग्यांचं खातं नाही, रोख रक्कम दिली तर घेणार नाहीत. आणि तरी काम चालतं! वर्षानुवर्षं चालतं, तेही आपल्या नागपुरात. खुशरू पोचा हे नाव मला एका मैत्रिणीने सांगितलं आणि त्या दिवसापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

रेल्वेतली नोकरी सांभाळून या माणसाने १९९९-२०००च्या सुमारास रक्तदात्यांना आणि गरजूंना जोडणारं संकेतस्थळ सुरू केलं, ‘इंडियन ब्लड डोनर्स’. तेव्हा फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं! घरोघरी इंटरनेट नव्हतं, लोक सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसत. पुढे ‘सेवा किचन’ आलं, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घालणारं. मग ‘नेकी का पिटारा’, म्हणजे रुग्णालयात ठेवलेला, लोकांनी भरायचा आणि गरजूंनी घ्यायचा खाण्यापिण्याचा फ्रीज. सगळं फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माणसांच्या भरवशावर, आणि सगळं वस्तुरूपात. तांदूळ द्या, फळं द्या, स्वतः येऊन वाढा. पैसे मात्र नकोत.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एखाद्या सामाजिक कामाला समर्थक मिळवायचे म्हणजे त्याच्या फेसबुक पानाला ‘लाइक’ मिळवायचे, असं मी धरून चालले होते. इथे तर मागणं इतकं नेमकं की वाचणारा उठून स्वयंपाकघरातच जातो!

नागपुरात या गोष्टीला केवढा अर्थ आहे, ते ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या आवारात संध्याकाळी एक चक्कर मारली की समजतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, शिवाय सीमेपलीकडून बालाघाट, छिंदवाडा, इतक्या लांबून माणसं रुग्ण घेऊन येतात. रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं. सोबत आलेल्याचं काय? तो व्हरांड्यात चादर टाकून पडलेला असतो, आणि औषधाला लागतील म्हणून खिशातले पैसे जेवणावर मोडायला त्याचा हात धजत नाही.

आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग मी पहिल्यांदाच असा निरोप पडताना पाहिला, आणि या वेळी नुसता अंगठा दाखवून पुढे गेले नाही. निरोप असा होता: ‘मेडिकलमध्ये आज रात्री ३० जणांचं जेवण हवं. वरण-भात, कमी तिखट. डबा परत मिळणार नाही, तसा भरा. साडेसहापर्यंत चौकातल्या किराणा दुकानात आणून ठेवा.’ बस्स, एवढंच. आणि काय सांगू, मिनिटाभरात उत्तरं सुरू! ‘माझे चार.’ ‘दोन मी देते.’ ‘मी ऑफिसातून येताना गाडीवर घेऊन जातो जी, कोणी भात गरम ठेवा फक्त.’ एका आजींनी लिहिलं, ‘स्वयंपाक होत नाही आता, केळी चालतील का?’ चालतील काय, धावतील! आणि सगळ्यात शहाणा निरोप त्यानंतरचा: ‘३० झाले. आता नको. उद्या पुन्हा सांगतो.’

हा ‘आता नको’ मला फार मोलाचा वाटतो. आपण ज्या संस्थांवर जीव टाकतो, त्यांनी तो शिकायलाच हवा. रक्ताची मागणी करणारे किती निरोप वर्षानुवर्षं फिरत राहतात, ना तारीख ना वेळ! रुग्ण घरी गेलेला असतो, तरी फोन वाजत राहतो, आणि पुढच्या खऱ्या निरोपावर कोणी विश्वास ठेवत नाही. बरं, रक्ताच्या बाबतीत वेळ म्हणजे सर्वस्व. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे वर्षातून एकदा जंगी शिबिर भरवलं की वर्षभराची सोय झाली, असं नाही. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. तिथे हजार फॉलोअर्सपेक्षा गट लिहून ठेवलेले, हाकेला येणारे पन्नास जण मोठे.

आणि फोटो! त्या रात्री ग्रुपवर आलेल्या फोटोत फक्त रचून ठेवलेले डबे होते, एकही चेहरा नाही. मला ते इतकं आवडलं! जेवणाऱ्याची लाचारी दाखवून मिळवलेली सहानुभूती मला नको आहे. माझा डबा पोचला, एवढं कळलं की उद्या मी आपणहून पुन्हा भरते.

मग शोधायला लागल्यावर ही परंपरा विदर्भात जिकडेतिकडे दिसू लागली. बाबा आमट्यांनी १९६७ साली मूल तालुक्यातल्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती हात मागणारीच होती: या, राहा, घाम गाळा. तीच हाक पुढे पाणी फाउंडेशनने मोबाइलवरून दिली. शहरातली माणसं ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नाव नोंदवून १ मे २०१८ला गावोगाव श्रमदानाला गेली. त्याच्या आदल्या वर्षी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं आलेलं काकडदरा गाव आपल्या शेजारचंच, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं! आणि नागपुरातला ग्रीन व्हिजिल फाउंडेशनचा पौर्णिमा दिवस? पौर्णिमेच्या रात्री स्वयंसेवक बाजारात दुकानादुकानांत जाऊन विनंती करतात, तासभर जास्तीचे दिवे बंद ठेवा. देणगी शून्य, आणि दुकानदार एका बटणासरशी त्या कामाचा माणूस होतो.

पैसा वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. एखादं वसतिगृह चालवायचं तर पगार, भाडं, वीजबिल डब्यांनी भागत नाही. पण माझा अनुभव सांगते, ज्या कामाला आपण एकदा हात लावतो, त्याला पैसे द्यायला मन कचरत नाही. त्या ग्रुपमधल्या कित्येकांनी नंतर आपणहून विचारलं, ‘औषधांचं काय करता?’ कोणी मागितलं नव्हतं.

आता माझ्या मनात एक कल्पना अशी काही घोळते आहे की झोप लागत नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात मातृ सेवा संघाचं प्रसूतिगृह उभं केलं. शंभर वर्षं उलटली. जुन्या नागपुरातल्या किती घरांत विचारा, ‘आमची ही मातृ सेवा संघातली’ असं ऐकायला मिळतं! ती बाळं आज पुण्यात आहेत, बंगळुरूत आहेत, अमेरिकेत आहेत, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. त्यांना एकच प्रश्न टाकायचा: ‘तुमचा जन्म मातृ सेवा संघातला का? साल लिहा.’ मी तर म्हणते, लोक आईला फोन करून साल विचारून घेतील! आणि ते उत्साहात असतानाच पुढचा निरोप टाकायचा, काय हवं, किती हवं, कधीपर्यंत हवं. पहिल्या दिवसाची उत्तरं नोंदवून ठेवायला कोणी लागलं तर मी तयार आहे, आजच्या आज.