बोटीचे इंजिन

आमचे गाव शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी आहे. सन २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसे बोटीतून बाहेर काढावी लागली. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गावची बोट तपासतात.

यंदा इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केले. पाण्याशिवाय चालवले तर ते तापून खराब होते. जोरात ते नीट चाले, पण स्लो केले की धडधडून बंद पडे.

काका म्हणाले, "मिसिंग मारतंय. एकेक बघू." टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडाच होता. प्लग तेलाने काळा झाला होता. तो पुसून बसवला, तरी तेच! शेवटी कार्बोरेटर उघडला. गेल्या वर्षीचे पेट्रोल आत वाळून चिकट झाले होते. स्लोचे पेट्रोल ज्या बारीक भोकातून येते, तेच बुजले होते. ते साफ करून ताजे पेट्रोल घातले. इंजिन एका लयीत चालू लागले.

मी विचारले, "जोरात चालत होतं की, मग एवढं कशाला?"

काका म्हणाले, "पोरा, माणसं बोटीत घेताना इंजान सावकाशच ठेवावं लागतंय. तवाच बंद पडलं तर धार बोट ओढून नेती."

पूर ओसरला की इंजिनातले पेट्रोल काढून ठेवावे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

— इयत्ता सातवी