टोपणाखालची साय

आमचा आणि यंत्रांचा संबंध तसा बेताचाच. वर्गात अर्थनिर्णयनावर तास तास बोलावे आणि घरी मिक्सर बंद पडला की शेजाऱ्यांना हाक मारावी, अशी एकूण रीत. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, पश्चात त्यांची जुनी मोटार आमच्याकडे आली, तेव्हा ती चालवण्यापलीकडे तिच्याशी काही देणेघेणे ठेवावे लागेल असे वाटले नव्हते. अण्णांची हयात कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर गेली. रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभे राहणे ही त्यांची पूजा होती. आम्ही त्या वेळी आत पुस्तक घेऊन बसलेलो असू.

गेल्या पावसाळ्यात गाडीतून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. बॉनेट उघडले. इंजिनाच्या माथ्यावर एक काळे टोपण. त्याच्याभोवती तेल पाझरून त्यावर धुळीचा थर बसलेला. त्या सगळ्या पसाऱ्यात आम्हांला वाचता येण्याजोगा मजकूर या टोपणावरच होता: तेलाच्या झारीचे चित्र आणि शेजारी '५डब्ल्यू-३०'. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते त्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते त्याचा, हे नंतर कळले. टोपण डावीकडे फिरवून काढले, उलटे केले, आणि पाहतो तो आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय!

अर्धवट ज्ञान अशा वेळी फार तत्परतेने धावून येते. तेलात पांढरे दिसले म्हणजे पाणी शिरले, पाणी शिरले म्हणजे हेडगॅस्केट गेले, असे एका सहकाऱ्याच्या तोंडून कधीतरी ऐकले होते. इतक्या जुन्या गाडीचे इंजिन उघडायचे तर खर्च गाडीच्या मोलापलीकडे जाणार. रात्री घरात बोलणे झाले आणि गाडी भंगारात द्यायचे ठरले. ठरले खरे, पण झोप लागली नाही. अण्णांची म्हणावी अशी ती एकच वस्तू घरात उरली होती.

सकाळी, निदान विचारून तरी पाहावे म्हणून, अण्णांच्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी टोपणाकडे नुसती नजर टाकली आणि आम्हांलाच विचारले, ''सर, गाडी रोज किती चालते?''

''कॉलेजपर्यंत. दोन किलोमीटर.''

''आणि लांब कुठं?''

''पावसात कुठे जाणार?''

मग त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली. तेल तपकिरी, स्वच्छ. दुधाळपणाचा लवलेश नाही. कूलंटची टाकी पाहिली. पातळी खुणेला, वर तेलाचा तवंग नाही. गाडी सुरू करून मागचा धूर पाहिला, आणि मग सांगितले, ''हिला काय झालं न्हाई. गरम व्हायच्या आधीच तुम्ही बंद करताय की रोज!''

इंजिन चालताना जळलेल्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतो. त्यात पाण्याची वाफ असते. इंजिन पुरेसे तापले तर ती वाफ वायुवीजनाच्या नळीने निघून जाते. न तापले तर सर्वांत थंड जागी, म्हणजे बहुधा या टोपणाखाली, तिचे दव होते आणि तेलात घुसळून त्याची साय बनते. वासाचे कारण त्याहून साधे निघाले. टोपणाच्या रबरी कड्यावर मिस्त्रींनी नख दाबले; ते दबले नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडे टणक होऊन एका जागी तडकले होते. तिथून पाझरलेले तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडून जळत होते.

त्याच मॉडेलचे नवे टोपण आणले. किंमत एखाद्या कवितासंग्रहाहून कमी. मिस्त्रींनी ते आमच्याच हातून बसवून घेतले. इंजिन थंड होऊ द्यायचे. टोपण काढण्याआधी भोवतालची धूळ फडक्याने पुसायची, नाहीतर तीच आत पडते. तोंडाची कड आणि आटे तपासायचे, नव्या कड्याला तेलाचे बोट लावायचे, टोपण सरळ बसवून उजवीकडे फिरवायचे. आम्ही पान्याकडे हात नेला तसे ते म्हणाले, ''पाना नको. हातानं बसतंय तेवढंच. अण्णा बी हातानंच लावायचे.''

अण्णा टोपण कसे लावत, हे आम्हांला परक्या माणसाकडून कळले. त्याचे मात्र वाईट वाटले.

मागची-पुढची ओळ पाहिल्यावाचून मधल्या ओळीचा अर्थ लावू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. इथे पट्टी, टाकी, धूर, रोजचे दोन किलोमीटर असा सारा संदर्भ समोर असताना आम्ही एकच खूण उचलली, आणि तिच्या दोन अर्थांपैकी जो अधिक शोकात्म तोच खरा मानला. साहित्याच्या माणसाला शोकांतिका लवकर पटते, हेही त्याचे कारण असावे. मिस्त्रींना कोणत्याच अर्थाची घाई नव्हती. जाताना ते बजावून गेले: लांबची फेरी मारून पुन्हा बघा, साय परत धरली, किंवा पाणी कमी व्हायला लागले, तर तुमचे म्हणणे खरे.

त्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावरचे टोपण उलटे करून पाहिले. तेलाचा ओलावा होता, साय नव्हती. आता दर रविवारी बॉनेट उघडतो. टोपण पाहून झाले की कूलंटची खूणही पाहतो. दुसरा अर्थ अजून पुरता बाद झालेला नाही.