पशुवैद्यकीयला जायचं, मग बी.एस्सी. कशाला?

“वर्षभर घरी बसून काय करणार?” हे मुलाला विचारलं तर त्यात अभ्यासाची काळजी असते. मुलीला विचारलं की मागे स्थळं उभी असतात! माझ्या पुतणीला बारावीनंतर नीटमध्ये गुण कमी पडले, पशुवैद्यकीयचा प्रवेश हुकला, आणि पंधरा दिवसांत लोणी काळभोरच्या आमच्या घरी दोन पत्रिका येऊन पडल्या. तिनं पुन्हा नीटला बसायचं ठरवलं आणि तोवर बी.एस्सी.ला नाव घातलं.

“प्राणिशास्त्र घेतलंय, म्हणजे गुरांची डॉक्टर होईलच की,” असं धाकट्या जाऊबाई सगळ्यांना सांगू लागल्या. मी पडले बी.ए., शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. पण प्रवेशाचे नियम मराठीच्या बाईंनाही वाचता येतात, बरं का! १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यकाची पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय जनावरांवर डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. प्राणिशास्त्राची एम.एस्सी. केली तरीही नाही.

अमेरिकेत पशुवैद्यकाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सहसा कॉलेज झाल्यावर असतो. तिथं पदवीचे गुण कमी असले, तर काही मुलं आधी विज्ञानाची एम.एस्सी. करून मग अर्ज करतात. आपल्याकडे बारावीचं विज्ञान आणि नीट. गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते, बी.एस्सी.चे गुण त्यात धरत नाहीत.

“मग फी कशाला भरायची?” भावजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. कॉलेजात तो विषय रोज कानावर पडतो, शंका विचारायला बाई असतात. पण परीक्षेतले प्रश्न अकरावी-बारावीचे आणि कॉलेजातलं शिकवणं त्याच्या पुढचं. शिवाय तिनं प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायन घेतल्यामुळे भौतिकशास्त्र सुटलं, त्याचे १८० गुण! आता पहाटे पाचला उठून तेवढंच करते. ज्यांच्या मुली हीच वाट धरणार असतील, त्यांनी विषय निवडताना भौतिकशास्त्र ठेवता येतं का ते आधी पाहावं.

तरी मी बी.एस्सी.च्याच बाजूची. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कुणी ‘रिकामी’ म्हणत नाही, आणि प्रवेश नाहीच मिळाला तर हाती पदवी राहते.

घरात खरं दुखणं वेगळंच आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. शिरवळला प्रवेश मिळाला तरी पोर पंचविशी गाठणार. सासूबाई म्हणतात, “बाईमाणसानं रात्री-अपरात्री कुणाच्या गोठ्यात जायचं?” मी त्यांना अमृता पटेलांचं सांगितलं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १९९८ ते २०१४ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. “त्या मोठ्या घरच्या,” एवढं बोलून सासूबाईंनी विषय मिटवला. आमची पहिलारू गाय अडली तेव्हा डॉक्टर येईपर्यंत गोठ्यात बॅटरी धरून रात्रभर त्याच उभ्या होत्या आणि शेजारी ही पुतणी! पण ते मी बोलून दाखवलं नाही.

पत्रिका सध्या कपाटात आहेत. भावजींनी आणखी दोन वेळा नीटला बसायची मुभा दिली आहे. मी तीन मागितल्या होत्या.